कलती मान

गेल्या आठवड्यात व्हिडिओवर बोलताना तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत की छोटी एवढी वेगळी का दिसते. केस कापले का, दात पडला का, चष्मा लागला का, असे तुमचे अंदाज चालले होते. त्यातलं काहीच नव्हतं. पूर्वी ती समोर आली की तुम्ही मला फोन सरळ धरायला सांगायचात, आणि फोन सरळच असायचा. कलती असायची ती तिची मान. आता ती सरळ झाली आहे. ते कसं झालं हे फोनवर सांगण्यासारखं नाही, कारण तुमचा आवाज मधेच जातो आणि इथे सगळे एकदम बोलतात. म्हणून लिहिते. क्रमाने लिहिते, म्हणजे तुम्ही कुठे अडणार नाही.

आधी घरातली माणसं. तुमचे आजोबा निवृत्त झाले, माझी शाळाही सुटली, तेव्हा आम्ही नगरचं घर बंद करून पारनेरच्या अलीकडे आपल्या मळ्यात राहायला आलो. इथे मोठी आजी आहे, म्हणजे माझी जाऊ. तिचा मुलगा, तो तुमच्या बाबांचा चुलतभाऊ. शेती आणि गोठा तोच बघतो. त्याची बायको, आणि त्यांची ही मुलगी, छोटी. मोठे आजोबा, म्हणजे माझे थोरले दीर, छोटीच्या जन्माआधी काही महिने गेले. तुम्ही लहानपणी त्यांच्या मांडीवर बसला आहात, पण ते तुम्हाला आठवत नसणार.

या गोष्टीत मोठ्या आजोबांना फार महत्त्व आहे, म्हणून त्यांच्याविषयी थोडं जास्त सांगते. ते उंच होते आणि त्यांची मान डावीकडे किंचित कललेली असायची. समोरचा बोलायला लागला की ती अजून कलायची. पंचक्रोशीत भावाभावांत बांधावरून वाद झाला, पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली झाली, की माणसं त्यांच्याकडे यायची. ते ओट्यावर बसत, मान कलती करत आणि शेवटपर्यंत ऐकून घेत. मधे बोलत नसत. अर्धं भांडण तिथेच संपायचं, कारण आपलं कुणीतरी एवढं मन लावून ऐकतंय यानेच माणसाला बरं वाटतं. ‘मान बघा त्यांची, कान देऊन ऐकणारा माणूस आहे,’ असं लोक म्हणत.

ते गेल्यावर त्यांचा फोटो मोठा करून घेतला. फोटोवाला तरुण होता. मान कॉम्प्युटरवर सरळ करून देतो, कुणाला कळणारही नाही, असं त्याने मोठ्या आजीला सांगितलं. तिने ते चालू दिलं नाही. मान सरळ केली तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो होईल, आणि दुसऱ्याला मी हार कशाला घालू, असं तिचं म्हणणं पडलं.

मग छोटी झाली. बसायला लागली तशी तिची मान डावीकडे कलायला लागली. अगदी तेवढीच, अगदी त्याच बाजूला. आता तुम्हीच सांगा, अशा घरात काय म्हणतील? आले परत. शेजारणी येऊन बघून जायच्या आणि हात जोडायच्या. मोठ्या आजीने तर पहिल्या दिवसापासून नातीला ‘अहो’च म्हणायला सुरुवात केली. ‘अहो, दूध पिऊन घ्या.’ ‘अहो, जरा उन्हातून आत या.’ सुरुवातीला ती थट्टा होती. नंतर ती सवय झाली आणि छोटीही त्या मानाला जागू लागली. तीन वर्षांची असताना ती मोठ्या आजीला म्हणाली होती, ‘पानी आन, आनि लवकर आन.’ मोठी आजी पाणी घेऊन आली आणि तिच्या आईला म्हणाली, ‘बघ, आवाज तेवढा पातळ हाय. बाकी समदं तेच.’

तुम्हाला माहीत आहे, मला वाकडी गोष्ट बघवत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर, दोरीवरचा टॉवेल, कपाटातले डबे, मी येता-जाता सरळ करत असते. तुमचे आजोबा यावरून मला चिडवतात. पण छोटीची मान मलाही आवडायला लागली होती. ती दारात येऊन तशी उभी राहिली की काहीतरी विचारायलाच आली आहे असं वाटायचं, आणि हातातलं काम बाजूला ठेवावंसं वाटायचं. घरात फक्त तिच्या आईला ते खटकत होतं. ती कुणाला न सांगता तिच्या मानेला कोमट तेल चोळायची, झोपताना मानेखाली पातळाची घडी द्यायची. काही फरक पडत नव्हता.

छोटीचा पाचवा वाढदिवस आला. पाटाभोवती रांगोळी काढली, छोटीला नवा फ्रॉक घातला आणि मी औक्षण करायला बसले. कुंकू मधोमध लागावं म्हणून मी तिची हनुवटी धरून मान सरळ केली आणि तुमच्या आजोबांना तशीच धरायला सांगितली. ते मागे उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हातांत तिचं डोकं धरलं. मी अक्षता लावल्या, अंगठी आणि सुपारी ओवाळली, आणि निरांजन ओवाळायला घेतलं तर ती म्हणाली, ‘आजी, दोन दिवे का लावलेस?’

मी म्हटलं, एकच तर आहे.

‘न्हाई, दोन हायेत. एक खाली, एक वर.’

तुमच्या आजोबांनी हात काढले. तिची मान परत डावीकडे कलली आणि तिने समाधानाने सांगितलं, ‘आता एक झाला.’

सगळे हसले. मोठी आजी म्हणाली, ‘पंच हुते नव्हं. त्यास्नी दोनी बाजू दिसत्यात.’ यावर अजून हशा झाला, पेढे वाटले गेले आणि तो दिवस तसाच मजेत गेला.

मला मात्र ते ‘एक खाली, एक वर’ सोडेना. मुलं काहीतरी कल्पना करून सांगतात, हे मला शाळेतल्या इतक्या वर्षांनी माहीत आहे. पण कल्पनेतला दिवा मान कलती केल्यावर नाहीसा होत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी छोटी माझ्या खोलीत झोपली होती. उताणी, हात पसरून, आणि मान सरळ. मी तिची मान हळूच उजवीकडे वळवून पाहिली, मग डावीकडे. लोण्यासारखी फिरत होती. आखडलेली मान झोपेतही आखडलेलीच असते. मग ही जागेपणीच का कलते? मी तिच्या आईला बोलावून दाखवलं. तिने स्वतः ती मान दोन्हीकडे फिरवून पाहिली आणि म्हणाली, ‘काकू, मग मी इतकी वर्षं तेल कशाला चोळत होते?’

आम्ही दोघींनी ठरवलं की मानेच्या नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. घरात सांगितलं की छोटीचे डोळे शाळेत घालायच्या आधी तपासून घेऊ. ते खोटं नव्हतं.

नगरला एका दवाखान्यात लहान मुलांच्या तिरळेपणाच्या डॉक्टर पुण्याहून आठवड्यातून एकदा येतात. आम्ही बसने गेलो. डॉक्टर तुमच्या आईपेक्षा लहानच असतील. छोटीला त्यांनी आधी तपासलंच नाही. नुसत्या गप्पा मारल्या, गाईंची नावं विचारली, आणि तेवढ्यात तिच्या मानेकडे नीट बघून घेतलं. मग चित्रं ओळखायला लावली, एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून. डोळा झाकल्यावर छोटीची मान हळूहळू सरळ झाली. तिला ते कळलंही नाही. तिच्या आईने माझा हात धरला.

शेवटी डॉक्टरांनी छोटीला समोरच्या खेळण्यातल्या मोराकडे बघायला सांगितलं आणि तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून उजव्या खांद्याकडे कलवलं. तिच्या नेहमीच्या बाजूच्या उलट. आणि आमच्या डोळ्यांसमोर तिचा उजवा डोळा वर सरकला. डावा मोराकडेच होता, उजवा मात्र आपला वर निघाला होता, पाण्यात धरलेला चेंडू हात सोडताच वर यावा तसा. डोकं पुन्हा डावीकडे नेलं आणि तो गुमान खाली आला. पाच वर्षं आम्ही त्या चेहऱ्याचे मुके घेतले होते आणि हे कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी जे समजावलं ते तुम्हाला सोप्या शब्दांत सांगते, कारण तुम्ही हे विचारणार आहातच. प्रत्येक डोळ्याला सहा छोटे स्नायू असतात आणि दोन्ही डोळे मिळून एकच चित्र बघावं म्हणून ते सतत ओढाताण करत असतात. त्यातला एक तिरका स्नायू डोळ्याला खाली ओढायला मदत करतो. छोटीच्या उजव्या डोळ्याचा तोच स्नायू जन्मापासून अशक्त आहे. म्हणून तो डोळा वर सरकतो, आणि दोन डोळ्यांतली दोन चित्रं एकावर एक दिसतात. अशा वेळी मूल स्वतःच शोधून काढतं की मान अमुक बाजूला कलती केली की त्या अशक्त स्नायूवरचा भार कमी होतो आणि दोन चित्रांचं एक होतं. तिला कुणी शिकवलेलं नसतं. तिला तो त्रासही वाटत नाही, कारण जग असंच बघायचं असतं अशी तिची समजूत असते. म्हणून तिने कधी तक्रार केली नाही. आम्ही तिची मान धरली, तेव्हाच तिला दोन दिवे दिसले.

आता काय करायचं, हे तिच्या आईने विचारलं. फरक थोडा असता तर खास काचांचा चष्मा लावून चित्रं जुळवता आली असती, असं डॉक्टर म्हणाल्या. छोटीचा फरक जास्त होता. तिला छोटी शस्त्रक्रिया लागणार होती. त्यात अशक्त स्नायूला हात लावायचा नव्हता. त्याच डोळ्याला वर ओढणारा, त्याच्या विरोधातला स्नायू थोडा सैल करायचा होता, म्हणजे ओढाताण सारखी होते. घाई नव्हती, पण वर्षानुवर्षं टाळण्यासारखंही नव्हतं. मान सतत एका बाजूला राहिली तर चेहऱ्याची ती बाजू कमी भरते, मान खरोखर आखडायला लागते, आणि पुढे कधीतरी मान कलवूनही चित्रं जुळेनाशी होतात. त्यांनी दोन गोष्टी सांगून आम्हाला घरी पाठवलं. पुढच्या वेळी वडिलांना आणा, आणि मुलीचे जुने फोटो आणा. हे केव्हापासून आहे ते त्यांना बघायचं होतं. घरात अजून कुणाची मान अशी आहे का, हेही त्यांनी विचारलं, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

घरी जे झालं ते तुम्हाला आता कळलंच असेल. मोठी आजी आधी हसली, मग उठून कामाला लागली. तुमच्या काकाने सगळं नीट ऐकून घेतलं. त्याला डॉक्टरांचं म्हणणं पटकन कळलं, अगदी त्याच्या पद्धतीने. ‘म्हणजे जोडीतला एक बैल मान वर काढतोय,’ तो म्हणाला, ‘म्हणून जू कलतंय.’ पण पुढे तो आणि मी वेगळ्या वाटेला लागलो. त्याचं म्हणणं, जू कललं तरी नांगरट होतेय ना. दादांची, म्हणजे त्याच्या वडिलांची, मान जन्मभर अशीच होती. त्यांना काय कमी पडलं? त्यांचा चेहरा वाकडा झाला का? एवढ्याशा पोरीला भूल द्यायची आणि डोळ्याला कात्री लावायची, तीही दादांची खूण घालवायला? मी त्याला स्नायूचं चित्र काढून दाखवलं. त्याने ते बघितलं आणि म्हणाला, ‘काकू, चित्र बरोबर आहे. पण आई म्हणेल तसं.’

आणि त्याची आई काहीच म्हणत नव्हती. सून जेवायला वाढताना तिच्याकडे बघायची, ती ताटाकडे बघायची. एकदा फक्त मला म्हणाली, ‘मास्तरीणबाई, तुमाला वाकडं काय दिसलं की हात शिवशिवत्यात.’ ते टोचून बोलणं होतं आणि मला ते टोचलं.  पण तिच्याकडे नवऱ्याचं काय राहिलं होतं? भिंतीवरचा फोटो, आणि दारातून मान कलती करून आत येणारी ती पोर.

फोटो शोधायचं काम माझ्याकडे आलं. मोबाइलमध्ये छोटीचे जितके फोटो होते ते मी वयाप्रमाणे लावले. दात नसलेली छोटी, रांगती छोटी, गोठ्यात वासरापाशी छोटी. सगळ्यांत मान डावीकडे. एकाच फोटोत सरळ. त्यात तिने मोठ्या आजोबांची टोपी घातली होती आणि ती मोठी असल्यामुळे घसरून एका डोळ्यावर आली होती. हा फोटो आमच्याकडे सगळ्यांना नावडता होता. त्यांची टोपी घालूनही त्यांच्यासारखी दिसत नाही, असं आम्ही म्हणायचो. मी तो वेगळा काढून ठेवला.

पुढच्या खेपेला तुमच्या काकाला घेऊन आम्ही गाडीने निघालो. आम्ही बसतो न बसतो तोच मोठी आजी बाहेर आली, काठाचं लुगडं नेसून, आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून. मला यायचं हाय, एवढंच म्हणाली. नगर येईपर्यंत ते गाठोडं तिच्या मांडीवर होतं. तो भिंतीवरचा फोटो होता, हारासकट. हा आजार नाही, वारसा आहे, हे तिला डॉक्टरांना दाखवायचं होतं.

डॉक्टरांनी आधी मोबाइलमधले फोटो पाहिले. टोपीच्या फोटोपाशी त्या थांबल्या आणि त्यांना हसू आलं. हा एकच फोटो आणला असता तरी चाललं असतं, म्हणाल्या. एक डोळा झाकला, मान सरळ झाली. मग मोठ्या आजीने कापड सोडलं आणि तो फोटो त्यांच्या टेबलावर ठेवला. दुसरं कुणी असतं तर हसून बाजूला केलं असतं. त्यांनी हार बाजूला सारला, चष्मा काढला आणि तो चेहरा खूप वेळ पाहिला. मग म्हणाल्या की क्वचित घराण्यात असतं असं, पण फोटोवरून ठाम सांगता येत नाही. यांना कधी दोन-दोन दिसायचं का? पायऱ्या उतरताना, वाचताना?

तुमचा काका म्हणाला, ‘त्यांनी कधी तक्रार केली नाही. बघा, म्हणजे हे आमच्यात असतंच. आणि त्यांचं काही अडलं नाही.’

डॉक्टर म्हणाल्या की तसं असेल तर त्याचाही विचार करता येईल, निर्णय तुमचा आहे, थोडं थांबून बघायलाही हरकत नाही. तो उठायच्या बेतातच होता. छोटी मोराशी खेळत होती. तिची आई खाली मान घालून बसली होती. तेव्हा मोठी आजी फोटोकडे बघत बोलली.

‘त्यांचा डोळा चांगला हुता. कान गेल्ता.’

कुणाला काही कळेना. मग तिने सांगितलं. आपल्या मळ्यातली विहीर खोदताना खाली खडक लागला, सुरुंग लावले. तेव्हा नुकतंच तिचं लग्न झालं होतं. एक सुरुंग उडाला नाही म्हणून मोठे आजोबा बघायला पुढे गेले आणि तो तेव्हाच उडाला. अंगाला खरचटलंही नाही, पण उजवा कान कायमचा गेला. त्यांनी तिला शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही. पुढे लोक निवाड्याला यायला लागल्यावर तर मुळीच नाही. बहिऱ्या पंचाकडे कोण येईल? म्हणून ते डावा कान पुढे करून, मान कलती करून ऐकायचे. आणि मधे बोलायचे नाहीत, कारण मधे बोललं की समोरच्याचं निसटायचं. ती आयुष्यभर त्यांच्या डाव्या बाजूला बसली, डाव्या बाजूने चालली. तिकडनंच त्यांना ऐकू यायचं.

तुमच्या काकाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. ‘म्हणजे मी उजवीकडून जे जे बोललो ते...’

‘निम्मं मी मागनं सांगायची,’ मोठी आजी म्हणाली. ‘निम्मं सांगन्यासारखं नसायचं.’

डॉक्टरांना हसू आवरलं नाही, आणि मग आम्हालाही. मोठी आजी हसली नाही. तिने पदराने फोटोची काच पुसली आणि डॉक्टरांना म्हणाली, ‘ते ऐकायसाठी मान कलवायचे. ही बघायसाठी कलवती. त्यांच्या कानाला काय औषिद न्हवतं, बाई. हिच्या डोळ्याला हाय म्हनता, तर करा.’

इतकी वर्षं सांभाळलेलं गुपित तिने दवाखान्यात, अनोळखी बाईसमोर सोडलं. त्याच्याबरोबर आपला नवरा नातीत परत आला आहे ही समजूतही सोडली. तिच्या जागी मी असते तर गप्प बसले असते की काय, सांगता येत नाही. गप्प बसणं फार सोपं होतं. परतताना गाडीत छोटी तिच्या मांडीवर झोपली, मान सरळ ठेवून, आणि फोटो माझ्या मांडीवर होता.

शस्त्रक्रिया पुण्याला झाली. सकाळी छोटीला काही खायला-प्यायला द्यायचं नव्हतं, म्हणून मोठी आजीही पाणी प्यायली नाही. नात उपाशी आणि आपण चहा घ्यायचा, हे तिला जमण्यासारखं नव्हतं. आत नेताना छोटीने तिला दम दिला, ‘रडू नको, मी आले की जेवू.’ दार बंद झालं. तुमचा काका व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिला, तिची आई एका जागी बसून होती. मी पिशवीतल्या वस्तू काढून पुन्हा नीट लावल्या, आणि पुन्हा काढल्या. आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर डॉक्टर बाहेर आल्या आणि सगळं ठरल्याप्रमाणे झालं म्हणाल्या. संध्याकाळी तर छोटी तिथल्याच एका नातलगाकडे बसून वरणभात खात होती, एक डोळा टोमॅटोसारखा लाल. आरशात बघून तिने तो डोळा गाईंना दाखवायचा ठरवला.

तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी मान सरळ झाली. तसं होत नाही. काही आठवडे डोळ्यात थेंब घालायचे, डोळा चोळायचा नाही, धुळीत जायचं नाही. मळ्यात राहून धुळीत जायचं नाही हे सांगणं सोपं, पाळणं अवघड. लाली हळूहळू गेली. मान मात्र सवयीने कलायचीच, खेळताना सरळ आणि टीव्ही बघताना कलती. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की मेंदूला नवीन रीत कळायला वेळ लागतो, टोकू नका. मला न टोकणं किती जड गेलं असेल हे तुम्ही जाणताच. मी ती चीड कॅलेंडर आणि टॉवेलांवर काढली. मग कधी कोण जाणे, टीव्हीसमोरही ती सरळ बसायला लागली. पुढे मोठी झाल्यावर थोडा फरक राहिला तर पुन्हा बघावं लागेल, तेही डॉक्टरांनी लपवलं नाही. पण परवा मी तिची मान धरून तिला निरांजन दाखवलं. एकच आहे, म्हणाली, आणि मी असं का विचारते म्हणून माझ्याकडे बघायला लागली.

फोटो पुन्हा भिंतीवर लावला. चौकट मी पट्टी धरून सरळ लावली. आतली मान जशी होती तशीच आहे.

मोठी आजी मधे काही दिवस छोटीला ‘अहो’ म्हणायची थांबली. ते आमच्याआधी छोटीच्या लक्षात आलं आणि तिला त्याचा राग आला. आपला मान गेला असं तिला वाटलं असावं. एकदा जेवायला बोलावल्यावर ती उठेचना. नीट बोलव, म्हणाली. मोठ्या आजीने हातातलं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘अहो, उठा. ताट वाढलंय.’ तेव्हापासून ते पुन्हा सुरू आहे.

काल संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मोठी आजी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. छोटी आली आणि तिच्या डाव्या बाजूला बसली, म्हणजे मोठी आजी तिच्या उजव्या हाताला आली. एरवी असं कधी होत नाही. मोठी आजी कुणाशीही बोलायला बसली की न चुकता त्याच्या डाव्या बाजूला बसते, आपल्याला ते इतकी वर्षं दिसत होतं आणि कळत नव्हतं. कालही ती काहीतरी सांगायला लागली, थांबली, आणि सूप उचलून पलीकडे जायला निघाली.

छोटीने तिचा पदर धरला. ‘कुठं चाललीस? हितनंच सांग की. ऐकू येतंय.’

मोठी आजी उभी राहिली. तिने छोटीकडे पाहिलं, आणि पुन्हा तिथेच बसली. सूप मांडीवर घेतलं आणि विहिरीच्या सुरुंगाची गोष्ट अगदी पहिल्यापासून सांगायला लागली, छोटीच्या उजव्या कानाशी.